झाकणबाई आणि पाच पाण्यांची चाचणी

राग माझ्या नाकावरच असतो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी दचकायला नको. मी रंगमास्तर. कापड रंगवायच्या कारखान्यात सव्वीस वर्षं झाली. कुठल्या टाकीत कुठला रंग किती पडायचा, किती वेळ शिजायचा, कधी थांबायचं, हे सगळं माझ्या शब्दावर चालतं. आता ज्या बाईबद्दल सांगणार आहे, तिच्याशी मी पहिली चार वर्षं धड बोललोही नव्हतो. जेव्हा बोललो तेव्हा भांडलो. त्यामुळे मी तिचं कौतुक करतोय ते तोंडदेखलं नाही, एवढं लक्षात घ्या.

तिला सगळे झाकणबाई म्हणतात. आमच्याकडची नळजोडणी करणारी ती. पाण्याचे पाइप, वाफेचे पाइप, व्हॉल्व्ह, मीटर, सगळं तिच्या ताब्यात. पन्नाशीची, आडव्या बांध्याची, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला आणि खिशात कायम पाना. नवरा शाळेची बस चालवतो. घर कारखान्यामागच्या नाल्याच्या कडेला, दुसऱ्या पुलापाशी. आम्ही आज काय रंगवलं ते तिला रजेच्या दिवशीसुद्धा स्वयंपाकघराच्या खिडकीतून कळायचं. "काल तुमचा हिरवा जरा जास्तच गडद झाला होता का हो मास्तर?" असं तिने एकदा मला सगळ्यांदेखत विचारलं. झाला होता. मला असा संताप आला म्हणून सांगू!

नाव कसं पडलं तेही ऐका. आमच्या टाक्या उघड्या असायच्या. आत पाणी रटरटतंय, वाफ छताला लागतेय, भिंतींना घाम फुटलाय, असा सगळा कारभार. हिने भंगारातले पत्रे उचलले, जेवणाच्या सुट्टीत बसून कापले, आणि एकेका टाकीला झाकण बसवत सुटली. मालकांना विचारलं नाही, मला तर नाहीच नाही. पैलवान नावाचा आमचा एक जुना टाकीवाला आहे. नावाला पैलवान, अंगाने काडी. तो म्हणाला, "बाई, आता टाक्यांना पांघरूणही शिवा." सगळे खो खो हसले. महिनाभराने बॉयलरवाला येऊन सांगून गेला की जळण चौथ्या हिश्शाने कमी लागतंय, आणि हसणं बंद झालं.

मी मात्र तरीही तणतणत होतो. झाकण घातल्यावर मला रंग दिसणार कसा? दर पाच मिनिटांनी उचलू की काय? दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर माझ्या दोन टाक्यांच्या झाकणांना माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, बरोब्बर माझ्याच उंचीवर, काचेची छोटी खिडकी. तिने माझी उंची कधी मोजली कोण जाणे. मी आभार मानले नाहीत. "काच पुसत जा," एवढंच म्हणालो. ती म्हणाली, "तुमचा रुमाल वापरा की."

तर अशी आमची दोस्ती. मग ते पत्र आलं.

आमचं निम्म्याहून जास्त काम एकाच मोठ्या गिऱ्हाइकाचं. त्यांनी कळवलं की वर्षभरात पाणी तिसऱ्या हिश्शाने कमी करा, नाहीतर आम्ही दुसरा कारखाना बघतो. आमचे धाकटे मालक तेव्हा वडिलांच्या जागी नवीनच बसले होते. मुलगा सरळ, कामाचा, पण उत्साह जरा उतू जाणारा. त्याने काय करावं? फाटकाशी कुंड्या ठेवल्या. कागद वाचवायचा म्हणून ऑफिसातले कागदी पेले काढले. आणि दारावर हा एवढा मोठा फलक लावला, "आम्ही निसर्गाचे मित्र", तोही प्लास्टिकचा! झाकणबाई फलकाखाली उभी राहून चष्मा लावून तो नीट वाचत होती. मालक खुशीत बाहेर आले, म्हणाले, "कसा वाटला?"

"अक्षर छान आहे साहेब," ती म्हणाली. "पाणी मात्र कालच्याइतकंच गेलं."

दुसरा मालक असता तर त्याच दिवशी तिला घरचा रस्ता दाखवला असता. हा पठ्ठ्या तिला आत घेऊन गेला आणि दोन तास बोलत बसला. बाहेर आला तेव्हा फलक उतरवायला सांगितला आणि पाणी कमी करायचं सगळं काम तिच्याकडे दिलं. म्हणजे ती आता थेट माझ्या अंगणात शिरणार होती. कारण आमच्याकडे पाणी जातं कुठे? कापड विसळण्यात.

इथे जरा थांबून सांगायला हवं. कापड रंगात शिजलं की त्यावर चिकटून राहिलेला जादा रंग धुऊन काढावा लागतो. टाकी भरायची, कापड खळबळायचं, पाणी सोडून द्यायचं. पुन्हा भरायची. आमच्याकडे हे सात वेळा. माझ्या मामाने मला हे काम शिकवलं, आणि मामाचा नियम म्हणजे सात पाणी. एक जरी चुकवलं तर मामा भर कारखान्यात कानाखाली वाजवायचा. मी वाजवली नाही कोणाच्या, पण नियम तोच ठेवला.

झाकणबाई वही घेऊन आली. "मास्तर, सातच का?"

"कारण सात."

"ते झालं. पण का?"

सव्वीस वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला उत्तर माहीत नव्हतं. उत्तर माहीत नसलं की माझा आवाज चढतो. मी ओरडलो, ती ऐकत राहिली. मग शांतपणे म्हणाली की ती सातही पाण्यांचे नमुने बाटल्यांत भरून तीन आठवडे बघतेय, पाचव्यापुढच्या पाण्यांत तिला काही फरक दिसत नाही. पाच पाणी पुरतील. शिवाय चौथं नि पाचवं पाणी बऱ्यापैकी स्वच्छच असतं. ते नाल्यात न सोडता दुसऱ्या टाकीत साठवायचं आणि पुढच्या लॉटला पहिलं नि दुसरं पाणी म्हणून द्यायचं. पाइप कसे जातील तेही तिने काढून आणलं होतं.

"आणि रंग सुटला तर?" मी सगळ्यांसमोर विचारलं. "गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टाला आमचा लाल लागला तर कोणाचं नाव जाणार? तुमचं का माझं?"

"तर मी घरी बसते," ती म्हणाली. "चाचणी घ्या. रंग सुटला तर त्याच दिवशी पाना ठेवून जाते."

मालक शेजारीच होते. उत्साहाच्या भरात म्हणाले, "ठरलं!" बोलून गेले बिचारे. साठ माणसांनी ऐकलं. बाईची नोकरी त्या क्षणी त्या लाल कापडावर टांगली गेली, आणि ती टांगायला मीच भाग पाडलं होतं. घरी सांगितलं तर बायको ताट वाढता वाढता थांबली. "तुमच्या तोंडाला कोणी झाकण बसवलं तर बरं," म्हणाली.

चाचणीला गिऱ्हाइकाकडून एक तपासनीस आला. उंच, शांत माणूस, पातळशी बॅग, प्रत्येक गोष्ट लिहून घेणारा. लॉट लालच धरला होता, कारण लाल सगळ्यांत हट्टी. तो पास झाला म्हणजे सगळे रंग पास झाले. कापड शिजलं. पहिलं पाणी झालं, दुसरं झालं. तपासनीस मालकांबरोबर नवे पाइप बघायला मागच्या बाजूला गेला. झाकणबाई त्यांना दाखवायला गेली. तिसरं झालं. चौथं पाणी मी हातात घेऊन उजेडात धरलं.

ते हवं त्यापेक्षा गुलाबी होतं. अगदी जरासं, पण होतं. म्हणजे पाचव्यानंतरही रंग सुटणार. म्हणजे ही बाई आज संध्याकाळी पाना ठेवून जाणार.

मला आनंद व्हायला हवा होता ना? मामाचा नियम खरा ठरत होता. पण मला दिसत होती ती झाकणातली काच. मी इकडे तिकडे पाहिलं, कोणी नव्हतं, आणि साध्या पाण्याचा व्हॉल्व्ह उघडला. एक पाणी जास्तीचं दिलं. सोडून दिलं. टाकी पुन्हा होती तशी. मी पाच मिनिटं हात धुवायला गेलो. मला काय माहीत की पैलवानानेही ते पाणी पाहिलंय! मी पाठ वळवल्याबरोबर त्या काडीने दुसरं एक पाणी दिलं. एकमेकांना एक शब्द नाही. दोघांनी आपापली चोरी केली, वर ठरलेलं पाचवं झालं, नि मामाची सात पाणी पूर्ण झाली.

शेवटी पांढरी चिंधी ओली करून कापडावर घासायची, हा आमचा निकाल. चिंधी शुभ्र. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मालकांनी झाकणबाईचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही. पैलवान डोळे पुसत होता, मला वाटलं भावनेने. नंतर कळलं, भीतीने.

दुपारी ती माझ्याकडे आली. चेहऱ्यावर टाळ्यांचा मागमूस नाही. "मास्तर, मीटर दोन टाक्या जास्त दाखवतंय."

"बिघडलं असेल मीटर."

"मी बसवलंय."

मी वर छताकडे बघत राहिलो. तिने माझ्याकडे पाहिलं, पलीकडे पैलवान पाच मिनिटं एकच बादली पुसत होता त्याच्याकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. मला वाटलं चिडेल. ती बाजूच्या रिकाम्या पिंपावर मटकन बसली. "माझ्यासाठी?" एवढंच विचारलं. मी मान डोलावली. मग उठली आणि ऑफिसच्या जिन्याकडे चालू लागली.

मी मागे धावलो. "बाई, डोकं फिरलंय का? कोणाला कळणार आहे? तो कागदावर लिहून मोकळा झालाय!"

"नाल्याला कळेल," ती म्हणाली आणि जिना चढली.

आत मालक आणि तपासनीस चहा घेत होते. तिने उभ्या उभ्या सांगितलं. सकाळची चाचणी खोटी आहे. पाच नाही, सात पाणी गेली. मीटरचा आकडा तिने टेबलावर ठेवला. मालकांचा कप तोंडाशीच राहिला. तोंडचं पाणी पळणं म्हणतात ते मी त्या दिवशी समोर पाहिलं. निम्मं काम, साठ माणसं, सगळं त्या एका टेबलावर होतं. तपासनिसाने पेनाचं टोपण काढलं. "पाणी कोणी सोडलं?"

"ते नका विचारू," झाकणबाई म्हणाली. "का सोडलं ते विचारा. चूक माझी आहे. मी नोकरीची पैज लावली. माझी नोकरी जाणार म्हटल्यावर ही माणसं खरं कशाला सांगतील? उद्या नियम काहीही करा साहेब, पाच पाणी करा, तीन करा, खरं सांगणाऱ्याचं नुकसान होणार असेल तर इथे रोज अशीच चोरून पाणी सुटतील आणि वर कागद मात्र हिरवेगार दिसतील."

मी दारातच उभा होतो. पळून जाणं सोपं होतं. "पहिलं पाणी मी सोडलं," मी म्हणालो. पाठीमागून बारीक आवाज आला, "दुसरं मी." पैलवान जिन्यात उभा होता, बादलीसकट.

मालकांनी कप खाली ठेवला. मग उठले, आम्हाला ओलांडून खाली गेले, आणि टाक्यांच्या मधोमध उभे राहून सगळ्यांना गोळा केलं. म्हणाले, त्या दिवशी मी 'ठरलं' म्हणालो ते चुकलं. उद्या पुन्हा चाचणी होईल. नापास झाली तर झाली. त्यासाठी कोणीही घरी जाणार नाही, बाई नाही, मास्तर नाही, कोणी नाही. काय चुकलं ते सांगणाऱ्याचं मी ऐकून घेईन. लपवणाऱ्याशी मात्र माझं जमणार नाही. या पोराच्या वडिलांच्या हाताखालीही मी काम केलंय. त्यांच्या तोंडून असलं वाक्य कधी ऐकलं नव्हतं. तपासनीस म्हणाला, उद्यापर्यंत थांबतो. गिऱ्हाइकाचं काय करायचं ते त्यानंतर.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "लग्नाला चोवीस वर्षं झाली, पहिल्यांदा काहीतरी कबूल केलंत. आता त्या बाईंना जेवायला बोलवा."

दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल. कोणी टाकीजवळून हललं नाही. मी व्हॉल्व्हपासून चार हात लांब, दोन्ही हात मागे. पाच पाणी, मोजून पाच. चिंधी घासली. तपासनिसाने ती उजेडात धरली, मालकांनी धरली, झाकणबाईने चष्मा लावून पाहिली. पांढरी. कोणालाच काही दिसत नव्हतं. मग चिंधी माझ्या हातात आली, कारण शेवटचा शब्द माझा.

मला दिसत होतं. सव्वीस वर्षं लाल बघितलाय मी. चिंधीच्या मधोमध गुलाबीची एक छटा होती, इतकी पुसट की दुसऱ्या कोणाला शपथ घेऊन सांगितलं तरी पटली नसती. त्या कापडाचा शर्ट तीन धुण्यांनंतर शेजारचा शर्ट खराब करणार होता. समोर साठ माणसं उभी. बाई माझ्याकडे बघत होती. मी 'ठीक आहे' म्हणालो असतो तर काम वाचलं असतं, तीही जिंकली असती. आयुष्यात पहिल्यांदा मला भांडणात हरायचं होतं आणि हरता येत नव्हतं.

"सुटतोय," मी म्हणालो.

कोणीतरी उसासा सोडला. मालकांनी डोळे मिटले. झाकणबाई पुढे आली, आणि मला वाटलं आता रडेल. तिने विचारलं, "कुठल्या पाण्यात चुकलं, मास्तर?"

बघा, ही ती बाई. नापास झाल्यावर पहिला प्रश्न हा. आणि तो तिने मला विचारला, ज्याने तिला चार वर्षं पाण्यात पाहिलं होतं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की उत्तर मला माहीत आहे, कायमच माहीत होतं. तिसरं पाणी. ते कोमट जातं. जादा रंग खरा निघतो तो कडकडीत पाण्यात. मामाच्या वेळी एवढं पाणी तापवायची सोयच नव्हती, म्हणून बिचाऱ्याने वर आणखी पाणी वाढवून काम भागवलं असणार. सात हा आकडा त्यातून आलेला. तिसरं उकळतं द्या, पाचात भागेल.

"पण एवढं पाणी तापवायचं म्हणजे जळण वाढेल," मालक म्हणाले.

"कापड ज्यात शिजतं ते रंगाचं पाणी आपण उकळतं उकळतं नाल्यात सोडतो," झाकणबाई म्हणाली. तिची नजर तेव्हाच पाइपांवर फिरायला लागली होती. "त्याच्यातून नळी फिरवली तर त्याची ऊब फुकट मिळेल. मला दोन आठवडे द्या."

तपासनिसाने दोन आठवडे दिले. का दिले ते मला तेव्हा कळलं नाही. त्या दोन आठवड्यांत ती आणि मी एका टाकीवर काम केलं. रोज भांडलो. नळीला वेटोळी किती, पाणी किती वेगाने, कापडाला कधी, सगळ्यावर. पैलवान मध्ये उभा राहून पंच झाला होता. बाईच्या हातांना दोनदा चटके बसले. त्यावर पट्टी बांधून ती परत नळीत हात घालायची, मी ओरडायचो, ती म्हणायची, "ओरडा, पण तो पाना द्या आधी." चौदाव्या दिवशी तिसऱ्या पाण्यात बोट घालवेना.

पंधराव्या दिवशी पुन्हा तो उंच माणूस आला. पाच पाणी झाली. मीटर तिने त्यालाच वाचायला लावलं. तिसरा हिस्सा सोडाच, त्याहूनही जास्त पाणी वाचलं होतं. चिंधी फिरली, सगळ्यांना पांढरी दिसली, माझ्या हाती आली. मी खिडकीशी नेली, उन्हात धरली, सावलीत धरली, उलटी केली.

"नाही सुटत," मी म्हणालो.

कोणीही टाळी वाजवली नाही, कारण तपासनिसाने हात वर केला होता. त्याने बॅगेतून मागची चिंधी काढली. जपून ठेवली होती त्याने. दोन्ही शेजारी शेजारी धरून तो मालकांना म्हणाला, "मला तर दोन्ही सारख्याच दिसतात. कुठल्याही माणसाला दिसतील. आज यांनी 'नाही सुटत' म्हटलं म्हणून मी यांचा शब्द का धरावा?"

झाकणबाईने पट्टी बांधलेल्या हाताने मागची चिंधी त्याच्याकडून घेतली आणि म्हणाली, "कारण मागच्या वेळी सगळे 'ठीक आहे' ऐकायला थांबले होते, तेव्हा यांनी 'सुटतोय' म्हटलं."

तपासनिसाने पेनाचं टोपण काढलं. मग त्याने तिथेच, टाकीच्या झाकणावर कागद ठेवून सही केली.